विरंगुळ्याची काठी

मृत्युपत्र

लिहून ठेवणार : सावळीराम पुंजा थेटे, वय ७४ वर्षे, धंदा शेती, राहणार मौजे पिंपळदरे, तालुका दिंडोरी, जिल्हा नाशिक.

मी वरील सावळीराम हा कागद माझ्या ओट्यावर बसून, माझ्याच हाताने लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, दारू पाजलेली नाही, गोड बोलून फसवलेले नाही. गोड बोलणारे माणूस या घरात तसेही कोणी नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाई वेदिका यांनी सांगितले. त्या कागद टाइप करून देणार होत्या. मी नको म्हणालो. टाइप करताना त्या माझे बोलणे गाळतात आणि त्या जागी 'सदरहू' घालतात. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी माझ्या नावाचा जुना कागद दाखवलाच, तर तो खोटा समजून चुलीत घालावा.

कलम एक. राहते घर, ओटा आणि गोठा माझी पत्नी पुतळाबाई हिला. बँकेतली ठेवही तिलाच. ठेवीची पावती कुठे आहे हे तिला माहीत आहे, मला नाही, त्यामुळे अडचण येणार नाही. स्वयंपाकघरातला ओटा तिला उंच पडतो. तो बुटका करून देईन असे मी बारा वर्षे म्हणत आहे. ते काम मुलगा मयूर याने करावे, आणि त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहिली नाही तरी चालेल. मी गेल्यावर मुलाने आणि सुनेने तिला 'आई, तुम्ही आता आराम करा' असे म्हणू नये. आराम करा म्हणत माणसाला कसे बाजूला बसवतात ते मला चांगले ठाऊक आहे. त्याबद्दल पुढे येईल.

कलम दोन. गट नंबर १८४ मधील वीस गुंठ्यांचे पॉलीहाउस, लोखंडी सांगाडा, वरचा प्लास्टिकचा कागद, ठिबक, खताच्या टाक्या, सर्व मयूरला. जमीन माझी होती, पण ते उभे केले त्याने. मी विरोध केला होता हे खरे आहे. मला मोकळ्या रानातला टोमॅटो कळतो. पावसाच्या तोंडावर रोप लावायचे, बांबू ठोकायचे, तार ओढायची, सुतळीने बांधणी करायची, आणि गणपतीच्या आसपास पहिला तोडा पिंपळगावच्या मार्केटला न्यायचा. वर आभाळ असते. ते फसवते, पण तोंडावर फसवते. पॉलीहाउसमध्ये गेले की आजारी माणसाच्या खोलीत गेल्यासारखे वाटते. दार लावून घ्या, चपला बाहेर काढा, हात धुवा, कशाला शिवू नका.

तरीही मयूरचा टोमॅटो चांगला येतो. माणसाच्या दीडपट उंच वेल, खालपासून वरपर्यंत घोसच घोस. हे मी त्याला तोंडावर कधी म्हटलेले नाही, म्हणून इथे लिहितो. त्याला प्रगतशील शेतकरी म्हणून मिळालेली ढाल त्याचीच आहे. तिच्यावरची धूळ दर सोमवारी मी पुसतो. तो ती कुठे ठेवली तेही विसरला आहे.

कलम तीन. टोमॅटो भरायच्या माझ्या प्लास्टिकच्या जाळ्यांवर निळ्या रंगात 'सा. पुं. थे.' असे लिहिलेले आहे. त्यातल्या चाळीस जाळ्या चुलतभाऊ गोटीराम याने सहा वर्षांपूर्वी 'दोन दिवसांत आणून देतो' म्हणून नेल्या. आता त्याच्या बांधावर 'गो. पुं. थे.' लिहिलेल्या जाळ्या दिसतात. गोटीरामच्या बापाचे नाव सखाराम होते. नुसता 'सा'चा 'गो' केला, पुढचा 'पुं' बदलायचे कष्टही घेतले नाहीत. या जाळ्या मी त्याला बक्षीस देत आहे. माफ केल्या असत्या तर त्याला बरे वाटले असते, म्हणून माफ करत नाही. बाकीच्या जाळ्या मयूरला, आणि त्याने त्या कोणालाही देऊ नयेत.

कलम चार. बांबू, तारेची बंडले आणि तार ताणायची पकड मयूरला. फवारणीचे दोन पाठपंप आहेत. एकाच्या पट्ट्याला लाल चिंधी बांधलेली आहे. तो तणनाशकाचा पंप, तो फक्त मोकळ्या रानात बांधावर वापरायचा. दुसरा बिनचिंधीचा, तो औषधाचा. ही चिंधी आमच्याकडे अकरा वर्षे कामाला असलेल्या सोमाने बांधली. त्याने हे दोन पंप कधी एकमेकांत मिसळू दिले नाहीत. पंप कोणाला द्यायचे ते मला सुचत नाही. सध्या ते गोठ्यात टांगलेले आहेत, तसेच असू द्यावेत.

कलम पाच. माझी काठी सूनबाई मोहिनी हिला.

ही काठी म्हणजे चार हात लांब बांबू, टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. घरात मला नाना म्हणतात आणि हिला 'नानांची विरंगुळ्याची काठी'. तिचे काम काय ते मी आजवर पुतळाबाईशिवाय कोणाला सांगितलेले नाही. ते आता लिहून ठेवतो, कारण ते न लिहिता मी गेलो तर पॉलीहाउस आणि ढाल दोन्ही मयूरच्या डोक्यावर पडतील.

टोमॅटोचे फूल खाली मान घालून असते. ते हलले की त्याची भुकटी त्याच्यातच पडते आणि फळ धरते. मोकळ्या रानात हे काम वारा करतो आणि त्याचे आभार कोणी मानत नाही. पॉलीहाउसमध्ये वारा नाही, कडेच्या बारीक जाळीमुळे मधमाशी नाही. फूल आपले लटकत राहते, पिवळे पडते आणि गळते. पहिल्याच वर्षी मी वैतागून आत फेऱ्या मारत होतो आणि हातातली काठी वेल टांगलेल्या वरच्या तारेवर आपटत होतो. दारापासून चार ओळींपर्यंत गुडघ्यांनी साथ दिली, पुढे नाही. पंधरा दिवसांनी पाहतो तर त्या चार ओळींना गच्च फळ, बाकी सगळीकडे फुलांचा सडा. तेव्हापासून रोज, सकाळी दव वाळल्यावर, नऊ ते अकराच्या दरम्यान, सगळ्या ओळींच्या तारा मी हलवत आलो. गुडघे असोत की नसोत. त्या वेळेला मयूर मार्केटमध्ये किंवा नाशिकला असतो.

मयूर बी.एस्सी. अ‍ॅग्री आहे. पॉलीहाउसचे सात दिवसांचे प्रशिक्षणही त्याने घेतले. तिथे हे सांगितले असणार. पण आमच्याकडे काही न करता फळ धरते असे त्याला दिसले, त्यामुळे त्याला ती वही पुन्हा उघडावी लागली नाही. मला तारेजवळ पाहिले की म्हणायचा, "नाना, तारा हलवू नका, वरचे हुक सरकतात." का हलवता, असे एकदाही विचारले नाही. मी ठरवले, हा विचारेल तेव्हा सांगू. पुतळाबाई म्हणायची, "अहो, सांगून टाका ना पोराला. त्याला काय सपान पडणार हाय का?" मी म्हणायचो, त्याला विचारू दे. ती म्हणायची, "मग बसा दोघं बी तोंड शिवून."

विचारले फक्त मोहिनीने. नवीनच आली होती. "नाना, हे काठीनं काय करता तुम्ही?" मी म्हणालो, तुला काय करायचंय, आपला विरंगुळा. तो शब्द मीच घरात आणला. पुढे तो माझ्यावरच उलटला. तिने निदान विचारले, म्हणून काठी तिला. तारेवर हलके मारावे, वेलावर कधीच नाही. ढगाळ दिवशी जरा उशिरा जावे.

कलम सहा. हे कलम कोणाला काही देण्यासाठी नाही. आधी घेतलेले परत करण्यासाठी आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्याकडे शिवारफेरी आली. सटाणा, येवला, कुठकुठले तीसेक शेतकरी पॉलीहाउस बघायला आले होते. मी आत माझ्या कामात होतो. मयूर त्यांना म्हणाला, "हे आमचे नाना. रोज आत येऊन काठी आपटतात. त्यांचा विरंगुळा आहे, आम्ही काही बोलत नाही." सगळे प्रेमाने हसले. मलाही हसावे लागले. त्याच दुपारी मी काठी गोठ्यात उभी केली आणि म्हटले, आता बघू तुझे प्रशिक्षण.

चोवीस दिवस मी आत पाऊल टाकले नाही. फुले गळू लागली. प्रत्येक वेलावर खाली फळ, मधले तीन घोस रिकामे. मयूर वेड्यासारखा झाला. पाण्याची तपासणी केली, खत बदलले, बियाणेवाल्याला शिव्या दिल्या. मी ओट्यावरून बघत होतो आणि खोटे कशाला सांगू, मला बरे वाटत होते.

मग त्याने सोमाला धरले. सोमा काशिनाथ भोये, पेठकडचा. पंप त्याच्याच हातात असायचा आणि बांधणीत त्याचा हात धरणारा या शिवारात कोणी नव्हता. मयूर त्याला अंगणात सगळ्या मजुरांसमोर म्हणाला, "तणनाशकाचा पंप न धुता आत नेलास तू. माझं वाटोळं केलंस." सोमा म्हणाला, "मयूरभाऊ, लाल चिंधीचा पंप मी आत नेलाच नाय. आईची शपथ." आणि मग तो माझ्याकडे वळला. "नाना, तुम्ही तर रोज बघता. तुम्ही सांगा ना."

तणनाशक लागले तर पाने वळतात. पाने ताठ होती. हे मी दारातूनच पाहिले होते. मी चहा पीत होतो. मी तो चहा संपवला आणि कप आत नेऊन ठेवला.

सोमा संध्याकाळच्या गाडीने बायकोला आणि गाठोड्याला घेऊन गेला. दोन दिवसांनी मी काठी घेऊन पुन्हा आत जाऊ लागलो, कारण वेलांचा काही गुन्हा नव्हता. वरच्या घोसांना फळ धरले. आणि मयूर गावभर सांगत सुटला, "बघा, सोमा गेला आणि प्लॉट सुधारला." मी जे दुरुस्त करायला गेलो त्यानेच सोमाचा गुन्हा पक्का झाला. त्यानंतर या भागात त्याच्या हातात कोणी पंप दिला नाही. आता तो टोळीबरोबर द्राक्षाच्या कामाला जातो आणि जाळ्या उचलतो. पुतळाबाई त्या दिवसापासून मला एकच वाक्य ऐकवते, "तुमचा विरंगुळा सोमाला लय महागात पडला."

म्हणून मी लिहून ठेवतो की सोमाची काहीही चूक नव्हती. फुले माझ्यामुळे गळाली. बाप-लेकाच्या अबोल्यात तिसऱ्याचे नाव गेले. मला माझी लाज वाटते. ती कोणाच्या नावे करता येत नाही, वकीलबाईंना विचारले.

कलम सात. [हे कलम खोडले आहे. वाचता यावे इतपतच खोडले आहे. कारण पुरवणीत. खोडाखोडीवर माझी सही.] ओढ्याकडचे वीस गुंठे मोकळे रान, पाण्याच्या हक्कासह, सोमा काशिनाथ भोये यास कायमचे देत आहे. मयूरने हरकत घेऊ नये.

कलम आठ. माझ्या दहाव्याला टोमॅटोची चटणी नको. पन्नास वर्षे खाल्ली आहे. वर न लिहिलेले जे काही माझ्या नावे निघेल ते पुतळाबाईला. ती ते तिच्या मनाने वाटून देईल, आणि माझ्यापेक्षा बरी वाटणी करील.

इथपर्यंतचा मजकूर २ नोव्हेंबर २०२५ रोजी लिहून संपवला. पुढची पुरवणी १८ नोव्हेंबरची आहे.

पुरवणी. माझा बेत असा होता की हा कागद मी गेल्यावर मयूरने वाचावा. त्याचे तोंड मला बघावे लागू नये एवढीच सोय मी माझ्यासाठी ठेवली होती. पण सोमाला निरोप धाडला होता, म्हटले रान मिळणार हे त्याला जिवंतपणी कळू दे. तो आज सकाळी एसटीने आला. पूर्वी गावाहून येताना नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणायचा, आज हात रिकामे होते. ओट्याच्या पायरीवर बसायचा, आज अंगणात उभाच राहिला.

मी आधी कलम सात वाचले, ते गोड होते म्हणून. तो म्हणाला, "कशाबद्दल?" मग पाच आणि सहा वाचावी लागली. तो म्हणाला, "हे मयूरभाऊला ठावं हाय?"

मी म्हणालो, माझ्यामागे वाचेल.

"तुम्ही गेल्यावर? मग त्ये म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं व्हतं."

मी त्याला डॉक्टरांचा दाखला दाखवला. त्याने तो पाहिलाही नाही.

"नाना, मला रान नको. नागलीपुरतं मला हाय. हे वाचा मयूरभाऊसमोर. माझ्या देखत."

मला राग आला. चौदा दिवस मान मोडून लिहिलेला कागद, आणि हा घ्यायलाच तयार नाही. मी म्हणालो, रान घे, तुला साक्षीदारही करून टाकतो. वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, ज्याला मिळायचे त्याला साक्षीदार करू नका, उद्या भांडण लागेल, दोन्हींपैकी एकच काय ते ठरवा. सोमा शेजारी ऐकत होता. त्याने विचारले, "साक्षीदार म्हंजे?"

मी म्हणालो, ज्याच्या देखत झालं तो. ज्यानं पुढे खरं सांगायचं.

"मग मला साक्षीदारच करा," तो म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही व्हते साक्षीदार. आज मी व्हईन."

पुतळाबाईने मला न विचारताच मयूरला हाक मारली.

मी सगळा कागद पहिल्यापासून वाचला, गोटीरामच्या जाळ्यांसकट, म्हणजे सहावे कलम जरा उशिरा येईल. मयूर खांबाला टेकून उभा होता. पाचव्या कलमाशी त्याने वर पाहिले. मोहिनी दारात होती, ती तिथूनच उठून गेली. सहावे वाचताना मी मयूरकडे बघितले नाही. संपल्यावर तो म्हणाला, "नाना, तुम्ही बोलले का नाही तेव्हा?"

तू विचारले नाहीस, हे उत्तर मी पावणेदोन वर्षे तयार ठेवले होते. ते मी तसेच ठेवले. मी सोमाला म्हणालो, "चुकलं माझं." हे मी याआधी कोणाला म्हटलेले नाही, पुतळाबाईलाही नाही, आणि तिने तशी नोंद घेतली असणार.

मयूर सोमाजवळ गेला. म्हणाला, "मी खरं काय ते गावात सांगतो." सोमा म्हणाला, "सांगा. पण मी संगं आसताना सांगा." मयूरने गाडी काढली, सोमाला मागे बसवले आणि दोघे गेले. ज्या ज्या मळ्यात त्याने सोमाचे नाव घेतले होते त्या प्रत्येक मळ्यात थांबून आले. यायला तीन तास लागले. इतक्या ठिकाणी सांगितले होते हे मलाही माहीत नव्हते.

ते गेले तेव्हा पॉलीहाउसकडून तारेचा आवाज येत होता. मोहिनी काठी घेऊन आत गेली होती. घड्याळात साडेदहा, म्हणजे वेळ बरोबर. मारते मात्र फार जोरात. उद्या सांगावे लागेल.

सोमाने रान घेतले नाही ते नाहीच. कलम सात खोडले. ते वीस गुंठे कलम आठप्रमाणे पुतळाबाईकडे जातील. पंपांचे काय करायचे ते सोमाला विचारले. तो गोठ्यात गेला, दोन्ही पंप उतरवून बघितले, लाल चिंधी सुटली होती ती पुन्हा घट्ट बांधली आणि परत टांगून ठेवले.

मी या कागदावर सोमा आणि शेजारचा अमित या दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर. यात लिहिलेले सर्व मी वाचले आहे, आणि या वेळी मोठ्याने वाचले आहे.

ठिकाण : पिंपळदरे, ता. दिंडोरी, जि. नाशिक
तारीख : १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

सही : सावळीराम पुंजा थेटे

साक्षीदार
१) अमित रामदास गांगुर्डे, शेजारी, रा. पिंपळदरे. सही.
२) सोमा काशिनाथ भोये, ता. पेठ. सही.

(वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराने फक्त सही करायची असते. सोमाने सहीखाली आणखी एक ओळ लिहिली आहे. ती मी खोडू दिलेली नाही.)

माझ्या देखत झालं.